कॅमेरा चालू की बंद : दूरशिक्षणातल्या एका वादाची पार्श्वभूमी

ऑनलाइन तासाला विद्यार्थ्यांना कॅमेरा चालू ठेवायची सक्ती करावी का, हा वाद करोनाकाळातला. पण समोर नसलेला विद्यार्थी शिकता कसा ठेवायचा, हा त्यामागचा प्रश्न २०२० मध्ये जन्मलेला नाही. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र पोचवणारी टपालसेवा सुरू झाली आणि लघुलिपीच्या (शॉर्टहँडच्या) एका शिक्षकाने टपालाने धडे द्यायला सुरुवात केली. विद्यार्थी उतारा लिहून पाठवी, शिक्षक चुका दुरुस्त करून तो परत धाडी. सगळी मदार या परतफेरीवर होती. १९३७ मध्ये पोलिओच्या साथीमुळे शिकागोतल्या शाळा उघडणे लांबले, तेव्हा तिसरी ते आठवीच्या सुमारे ३ लाख १५ हजार मुलांसाठी रेडिओवरून पाठ सुरू झाले. रेडिओ एकतर्फी, म्हणून जोडीला पालकांसाठी फोनची सोय केली. पहिल्याच दिवशी हजारावर फोन आले आणि उत्तरे द्यायला आणखी पाच शिक्षक बसवावे लागले. १९५१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अॅलिस स्प्रिंग्जहून दूरदूरच्या वस्त्यांवरच्या मुलांसाठी रेडिओशाळा सुरू झाली. तिथे मुलांना रेडिओवरूनच शिक्षकाला उत्तर देता यायचे.

दूरशिक्षणातले ‘अंतर’ मैलांचे नसते, संवाद किती आणि अभ्यासक्रम किती घट्ट बांधलेला यावर ते ठरते, अशी मांडणी १९७० च्या दशकात झाली. २०१२ च्या सुमारास खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची लाट आली, तेव्हा नाव नोंदवणारे लाखांत आणि पूर्ण करणारे बहुतेक ठिकाणी दहा टक्क्यांच्या आत असे चित्र दिसले. व्हिडिओ उत्तम होते. स्वाध्याय तपासून ‘इथे चुकलास’ म्हणणारे माणूस मात्र बहुधा नव्हते.

एवढा अनुभव गाठीशी असताना २०२० चा मार्च-एप्रिल उजाडला. १९० हून अधिक देशांत शाळा-महाविद्यालये बंद झाली, दीड अब्जाहून जास्त विद्यार्थी घरी बसले. जे सुरू झाले त्याला ऑनलाइन शिक्षण म्हणू नका, हे ‘आपत्कालीन दूरस्थ अध्यापन’ आहे, असे काही अभ्यासकांनी मार्च संपण्याआधीच बजावले होते. नाव लांबलचक होते, म्हणून असेल, पण टिकले नाही.

शिक्षकांचे प्रशिक्षण त्याच घाईत झाले. विषय, तो शिकवण्याची रीत आणि तंत्रज्ञान यांचा एकत्र विचार शिक्षकाला जमला पाहिजे, अशी चौकट २००६ मध्येच मांडली गेली होती. प्रशिक्षणाच्या वेबिनारमध्ये त्यातले शेवटचे, म्हणजे तंत्रज्ञान, तेवढे आले : म्यूट कसे करायचे, स्क्रीन शेअर कशी करायची, गुगल फॉर्मवर चाचणी कशी घ्यायची. शेवटी अभिप्रायाचा फॉर्म भरला की ई-प्रमाणपत्र. त्या आठवड्यांत याची गरज होती, हे मान्यच. पण मुलांचे लक्ष उडाले तर काय करायचे, हा प्रश्न प्रश्नोत्तरांच्या शेवटच्या पाच मिनिटांवर ढकलला गेला आणि त्याला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळाले : कॅमेरा चालू ठेवायला सांगा.

या निर्णयावर जितके भांडण झाले तितके दुसऱ्या कशावरही झाले नसेल. सक्तीच्या बाजूने बोलणारे शिक्षक खोटे बोलत नव्हते. चाळीस काळ्या चौकटींसमोर तास घेणे म्हणजे रिकाम्या सभागृहात भाषण करणे. समजले की नाही हे चेहऱ्यावरून वाचायची सवय असलेल्या माणसाचा मुख्य आधारच गेला होता. शिवाय कॅमेऱ्यामुळे हजेरीही सिद्ध होत होती. प्रशासनाला ही सोय फार आवडली.

विरोधी बाजू हळूहळू बोलू लागली. एकाच खोलीत पाच माणसे, मागे भांडी घासण्याचा आवाज, डेटा संपत आलेला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या पाहणीत कॅमेरा बंद ठेवण्यामागे विद्यार्थ्यांनी सर्वाधिक सांगितलेले कारण आळस नव्हते, आपण कसे दिसतो याची चिंता होती. त्याच वर्षी व्हिडिओ-बैठकांच्या थकव्याची चार कारणे मांडली गेली : सतत अंगावर येणारी नजर, स्वतःचाच चेहरा पाहत राहणे, जागेवरून न हलता येणे आणि हावभाव पोचवण्यासाठी पडणारा जादा ताण. २०२२ च्या ऑगस्टमध्ये ओहायोतल्या फेडरल न्यायालयाने ऑनलाइन परीक्षेआधी विद्यार्थ्याची खोली कॅमेऱ्यातून तपासणे घटनाबाह्य ठरवले. प्रश्न परीक्षेचा होता, वर्गाचा नाही. तरी घर म्हणजे वर्गखोली नव्हे, हे कुठेतरी कागदावर आले.

खरा गोंधळ ‘प्रेरणा’ या शब्दात होता. १९८० च्या दशकात रुजलेल्या मानसशास्त्रीय मांडणीनुसार आतून येणाऱ्या प्रेरणेला तीन गोष्टी लागतात : आपण निवड करतोय ही भावना, जमतेय ही भावना आणि कुणाशी तरी जोडलेले असल्याची भावना. कॅमेऱ्याच्या सक्तीने पहिली जाते, दुसरीशी तिचा संबंध नाही आणि तिसरीचा नुसता देखावा उरतो. हजेरी लागली म्हणजे मूल शिकतेय, हा समज शाळेच्या इमारतीतून जसाच्या तसा स्क्रीनवर आला. विद्यार्थ्यांचा सहभाग कसा वाढवावा, या विषयावरच्या वेबिनारांतही शिक्षक मंडळी स्वतःचे कॅमेरे बंद ठेवूनच बसत. त्यांना त्याबद्दल कुणी हटकले नाही.

२०२१ नंतरच्या प्रशिक्षणांत थोडा फरक पडला. पंचेचाळीस मिनिटांच्या तासाऐवजी दहा मिनिटांचा पाठ आणि मग करायचे काम, कॅमेऱ्याऐवजी चॅटमध्ये एका ओळीचे उत्तर, वहीच्या फोटोवर शिक्षकाच्या आवाजातला अर्ध्या मिनिटाचा अभिप्राय. लाजरी मुले चॅटमध्ये बोलू लागली, हे अनेक शिक्षकांनी सांगितले. पण अर्ध्या मिनिटाचा अभिप्राय साठ मुलांना दिला की अर्धा तास जातो, तोही वह्या बघण्याचा वेळ सोडून. हा वेळ वेळापत्रकात कुणी धरला नव्हता. शाळा उघडल्यावर वेबिनार थांबले आणि आवाजातले अभिप्रायही बहुतेक ठिकाणी त्यांच्याबरोबर गेले. कॅमेऱ्याचा नियम मात्र अनेक संस्थांच्या ऑनलाइन तासांच्या सूचनांमध्ये अजून पहिल्या क्रमांकावर आहे.