बॅटरी आटली की कोणी उपसतंय?

गंगापूर धरण शंभर टक्के भरलं की नाशिककर निर्धास्त होतात. पण शंभर टक्के म्हणजे नेमकं किती पाणी, हे तळाशी साचलेल्या गाळावर ठरतं. पाच-सहा वर्षं वापरलेल्या लॅपटॉपचंही तसंच. त्यामुळे 'चार्जिंग टिकत नाही' म्हणताना आधी एक निवाडा करावा लागतो: साठवण घटलीय, की कोणी गुपचूप उपसा करतंय? साठवण घटली असेल तर बॅटरी बदलावी. उपसा असेल तर नव्या बॅटरीचे पैसे पाण्यात.

साठवण घरीच मोजता येते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'पॉवरसीएफजी', मग एक जागा सोडून तिरपी रेघ (/) आणि तिला जोडून 'बॅटरीरिपोर्ट' असं टाइप करायचं. अक्षरं अर्थात इंग्रजी. जी फाइल तयार होते ती ब्राउझरमध्ये उघडायची. तिच्यातले दोनच आकडे पाहा: 'डिझाइन कपॅसिटी' आणि 'फुल चार्ज कपॅसिटी'. समजा पहिला 48,000 मिलिवॅट-तास आहे आणि दुसरा 26,000. म्हणजे साठवण 54 टक्क्यांवर आली. साधं टायपिंग करताना लॅपटॉप 8 वॅट खात असेल, तर ही बॅटरी सव्वातीन तास चालेल. 20 वॅट खात असेल, तर जेमतेम सव्वा तास.

हा गाळ येतो कुठून? लिथियम-आयन बॅटरीत ग्राफाइटच्या इलेक्ट्रोडवर एक पातळ थर धरतो. तो लागतोच, कारण ग्राफाइटचं रक्षण तोच करतो. पण तो हळूहळू वाढत राहतो आणि त्यात अडकलेलं लिथियम पुन्हा कामाला येत नाही. उष्णतेने हे लवकर होतं, आणि बॅटरी सतत काठोकाठ भरलेली असली तरीही. एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो. त्यात 'लाइट गेली तर?' म्हणून लॅपटॉप चोवीस तास चार्जरला! बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असते. ती चालू करावी.

तीस टक्के दिसत असताना लॅपटॉप फटकन बंद पडतो, ही वेगळीच गंमत. पडद्यावरची टक्केवारी हा अंदाज असतो. आत-बाहेर गेलेल्या विजेचा हिशेब एक चिप ठेवते आणि वर्षानुवर्षांत तो हिशेब चुकत जातो. शिवाय जुन्या सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे विजेला आतूनच होणारा अडथळा, वाढलेला असतो. व्हिडिओ कॉल सुरू झाला, विजेची मागणी वाढली, की व्होल्टेज एकदम खाली येतं आणि यंत्र स्वतःला बंद करून घेतं.

आता उपसा. रात्री झाकण मिटून ठेवलेला लॅपटॉप सकाळी पंचवटी एक्सप्रेसमध्ये बॅगेतून काढावा, तर गरम आणि निम्मा रिकामा. कारण अनेक लॅपटॉप 'स्लीप'मध्ये खरे झोपतच नाहीत. वायफाय, अपडेट, मेल असं काहीबाही चालू राहतं. पडताळणी सोपी आहे. एका रात्री स्लीपवर ठेवा, दुसऱ्या रात्री शिफ्टची कळ दाबून धरून 'शट डाउन' करा, म्हणजे पूर्ण बंद होईल. दोन्ही वेळा टक्के लिहून ठेवा. फक्त स्लीपमध्येच घट होत असेल, तर बॅटरीला बोल लावू नका. प्रवासाला निघताना 'हायबरनेट' करा, म्हणजे चालू काम डिस्कवर साठवून लॅपटॉप बंद होईल. पूर्ण बंद असतानाही रात्रीत दहा-पंधरा टक्के जात असतील, तर बंद लॅपटॉपवरून मोबाइल चार्ज करणारं यूएसबी पोर्ट बायोसमधून, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमधून, बंद करून पाहा. तरी घट होतच राहिली, तर सेल किंवा मदरबोर्ड तपासून घ्यावा लागेल.

जागेपणीच्या उपशासाठी, कोणता प्रोग्रॅम किती राबतोय हे दाखवणारा विंडोजचा टास्क मॅनेजर आहेच. बहुतेकदा चोर ब्राउझरच निघतो, नाहीतर स्कॅन करत बसलेला अँटिव्हायरस.

टचपॅड वर उचललं गेलं असेल, तर मात्र चाचण्या पुरे. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि ती दाबायला-टोचायला जाऊ नका.

आणि बॅटरी बदलायचीच ठरली, तर दुकानातच, पैसे देण्याआधी, पुन्हा तो रिपोर्ट काढा. नवी म्हणून दिलेल्या बॅटरीचे दोन आकडे जवळपास सारखे हवेत आणि चार्ज सायकलची, म्हणजे पूर्ण चार्ज वापरून झाल्याच्या फेऱ्यांची, संख्या अगदी थोडी.