तिसरी प्रत : अमेरिकेतल्या औषधनोंदीची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत आज ऑक्सिकोडोनसारखं अफूजन्य वेदनाशामक लिहून देण्याआधी डॉक्टरला सरकारी नोंद उघडून पाहावी लागते. समोरच्या रुग्णाने याआधी कोणत्या डॉक्टरकडून, कोणत्या दुकानातून, किती गोळ्या नेल्या, हे तिथे कळतं. वेदनाशामकांच्या व्यसनाची साथ आली म्हणून ही व्यवस्था आली, असा समज आहे. प्रत्यक्षात ती साथीच्या कितीतरी आधीची, आणि सुरुवात झाली ती कागदी चिठ्ठीबुकापासून.

कॅलिफोर्नियाने १९३९ मध्ये अशा औषधांसाठी डॉक्टरांना सरकारी छापाची, तीन प्रतींची चिठ्ठी वापरायला लावली. एक प्रत डॉक्टरकडे, दुसरी औषधविक्रेत्याकडे, तिसरी सरकारजमा. पुढे इलिनॉय, आयडाहो, न्यूयॉर्क, टेक्सास त्याच वाटेने गेली. न्यूयॉर्कच्या १९७२ च्या कायद्याविरुद्ध रुग्ण आणि डॉक्टर कोर्टात गेले, त्यामुळे तिसऱ्या प्रतीचं पुढे काय व्हायचं याचं बारीक वर्णन निकालपत्रात सापडतं. दर महिन्याला सुमारे एक लाख चिठ्ठ्या राज्याच्या राजधानीत, ऑल्बनीला, आरोग्य खात्यात येत. त्या ठेवायच्या खोलीभोवती तारेचं कुलूपबंद कुंपण आणि धोक्याची घंटा. मजकूर चुंबकीय फितींवर चढवायचा, कागद पाच वर्षं सांभाळून नष्ट करायचे. आपल्यावर व्यसनी असल्याचा शिक्का बसेल या धास्तीने काही रुग्ण औषधच टाळत होते. १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने कायदा एकमताने उचलून धरला. मात्र पहिल्या वीस महिन्यांत या साऱ्या ढिगाचा उपयोग रुग्णांच्या अतिवापराच्या फक्त दोन चौकशांमध्ये झाला, हेही त्याच निकालात नमूद आहे.

मग या कागदाने साधलं काय? माझ्या मते त्याचं बळ ऑल्बनीच्या खोलीत नव्हतं, डॉक्टरच्या टेबलावर होतं. वेगळं पुस्तक काढून, सरकार वाचणार हे माहीत असताना सही करायची, तर हात थबकतोच. ऑक्सिकॉन्टिन, म्हणजे ऑक्सिकोडोनचीच पर्ड्यू फार्मा कंपनीने काढलेली गोळी, १९९६ मध्ये बाजारात आली. त्याआधी पर्ड्यूने डॉक्टरांचा कानोसा घेतला होता, तेव्हा तीन प्रतींच्या राज्यांतले डॉक्टर या जातीची औषधं लिहायला नाखूश असल्याचं कंपनीला दिसलं होतं. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तर बाकीच्या राज्यांत दरडोई ऑक्सिकॉन्टिन या पाच राज्यांच्या दुपटीहून जास्त गेलं होतं. अतिमात्रेने होणारे मृत्यूही पुढची अनेक वर्षं या पाच राज्यांत कमी वेगाने वाढले.

पण थबकणारा हात कर्करोगाच्या रुग्णासमोरही थबकतो. न्यूयॉर्कने १९८९ मध्ये बेन्झोडायझेपिन गटातली, चिंता आणि निद्रानाशावरची औषधं याच चिठ्ठीखाली आणली, तेव्हा त्यांचा वापर घटला आणि जुनी, जास्त धोक्याची गुंगीची औषधं पुन्हा लिहिली जाऊ लागली.

ओक्लाहोमाने १९९१ पासून नोंद संगणकावर नेली आणि हळूहळू कागद मागे पडला. २००५ उजाडेपर्यंत तीन प्रतींची पुस्तकं बाद झाली होती. नव्या व्यवस्थेत माहिती आपोआप जमा व्हायची. ती पाहणं मात्र डॉक्टरच्या मर्जीवर होतं, आणि बरेच जण पाहतच नव्हते. शिवाय प्रत्येक राज्याची नोंद वेगळी. केंटकीत ती १९९९ पासून होती. फ्लोरिडात २०११ पर्यंत नव्हती, म्हणून केंटकीतले लोक गाड्या काढून दक्षिण फ्लोरिडातल्या रोख पैसे घेऊन गोळ्या देणाऱ्या दवाखान्यांपर्यंत जात. शेवटी केंटकीने २०१२ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०१३ मध्ये नोंद पाहण्याची कडक सक्ती केली, आणि इतर राज्यं मागोमाग आली. सर्वांत शेवटी मिसूरी : खासगीपणाच्या मुद्द्यावर तिथे विधेयकं वर्षानुवर्षं अडली, कायदा २०२१ मध्ये झाला.

२०१२ मध्ये अमेरिकेत दर शंभर माणसांमागे अफूजन्य वेदनाशामकांच्या ८१ चिठ्ठ्या लिहिल्या जात होत्या. २०२० पर्यंत हा आकडा ४३ वर आला. याला एकटी सक्ती कारणीभूत नाही, खटले आणि बदनामीही आहे. मृत्यू मात्र थांबले नाहीत. हेरॉइन आणि नंतर बेकायदा फेंटानिल हे अतितीव्र कृत्रिम वेदनाशामक यांनी जागा घेतली, आणि त्यांची नोंद कुठल्याच दुकानात होत नाही.

दरम्यान, वर्षानुवर्षं ठरलेल्या मात्रेवर नीट जगणाऱ्या रुग्णांचे हाल झाले. रोगनियंत्रण केंद्राची २०१६ ची मार्गदर्शिका ऐच्छिक होती, पण तिच्यातला दिवसाला ९० मिलिग्रॅम मॉर्फिनइतक्या मात्रेच्या मर्यादेचा आकडा अनेकांनी कायद्यासारखा पाळला. कुणाची मात्रा एकदम तोडली, कुणाला डॉक्टरने दारातूनच परत पाठवलं. २०१९ मध्ये अन्न आणि औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला, की मात्रा अचानक तोडल्याने तीव्र वेदना आणि आत्महत्याही घडल्या आहेत. २०२२ च्या सुधारित मार्गदर्शिकेने शिफारशींतून असे आकडे काढले, आणि नोंदीत काही खटकलं तरी तेवढ्यावरून रुग्णाला काढून लावू नका, त्याच्याशी बोला, असं डॉक्टरांना सांगितलं.