सौम्य योग आणि रिस्टोरेटिव्ह योग: कॅन्सरनंतर साठीपुढच्यांनी यांची गल्लत करू नये

कॅन्सरचे उपचार संपले की सगळे एकच सांगतात, "आता जरा हलका योग सुरू करा." सल्ला चांगलाच आहे. पंचाईत अशी की 'हलका योग' या नावाखाली दोन वेगळे प्रकार खपतात. क्लासच्या पाटीवरही 'जेंटल अँड रिस्टोरेटिव्ह' असं एका दमात लिहिलेलं असतं. मग आजी-आजोबा एकाची कृती आणि दुसऱ्याची अपेक्षा घेऊन घरी येतात आणि महिन्याभरात म्हणतात, "मला नाही मानवत योग."

सौम्य योग तुम्हाला ठाऊकच आहे. भिंतीजवळ उभं राहून ताडासन, खुर्चीची पाठ धरून वीरभद्रासन, खुर्चीतून सावकाश उठ-बस, बसल्या बसल्या खांदे फिरवणं. आसनात चार-पाच श्वास थांबायचं, दोन-तीनदा करायचं, बोलताना धाप लागली की थांबायचं. कुठलाही बरा शिक्षक हे शिकवतो, त्यामुळे इथे जास्त लिहीत नाही.

रिस्टोरेटिव्ह म्हणजे लोड, चादरी, उश्या, खुर्ची यांवर शरीर ठेवून दहा-पंधरा मिनिटं पडून राहायचं. हे अमेरिकेतलं खूळ नव्हे. आसनांना लोड, घोंगड्या, पट्टे आणि लाकडी विटांचा आधार देण्याची पद्धत बी. के. एस. अय्यंगारांनी पुण्यात बसवली, आणि 1975 साली सुरू झालेल्या त्यांच्या संस्थेत शिकून गेलेल्यांनी ती बाहेर नेली.

पहिल्या प्रकारात स्नायू काम करतो. दुसऱ्यात एकाही स्नायूने काम करायचं नाही, हे बहुतेकांना कळतं. पुढचं अर्धं मात्र कळत नाही: रिस्टोरेटिव्हमध्ये ताणही जाणवता कामा नये. जराही नाही. "मांडीच्या आतून छान ओढ बसतेय" असं कोणी म्हणालं, तर आसन चुकलेलं आहे. आणि शेजारी उभा राहून "येऊ द्या ताण, सोडून द्या पाय" म्हणणारा शिक्षक असेल, तर तोही चुकतोय.

इतका हट्ट कशाला? कारण वेळ. पाच श्वास टिकणारा ताण आपण सांभाळतो, कारण स्नायू जागा असतो आणि नको झालं की सोडतो. तोच गुडघा किंवा खांदा दहा मिनिटं अधांतरी लोंबला, स्नायू सैल पडले, की सगळं वजन सांध्यावर आणि अस्थिबंधांवर येतं. त्यात कॅन्सरनंतरचं वयस्कर शरीर. स्तनाच्या कॅन्सरनंतर दिल्या जाणाऱ्या लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोलसारख्या गोळ्यांनी किंवा प्रोस्टेटच्या हार्मोन उपचारांनी हाडं विरळ झालेली. रेडिएशनने छातीची एक बाजू आखडलेली. पॅक्लिटॅक्सेल, ऑक्सॅलिप्लॅटिन या कीमोच्या औषधांनंतर पावलं आणि बोटं बधिर. जिथे दुखलं तरी नीट कळत नाही, तिथे 'शरीराचं ऐका' हा सल्ला पुरा पडत नाही.

सुप्त बद्धकोणासन घ्या. पाठीवर पडून तळपाय एकमेकांना लावायचे, गुडघे बाजूला. सतरंजीवर लोड लांबीत ठेवा आणि त्याच्या टोकाला माकडहाड टेकवून बसा. टोक कमरेच्या पोकळीत गेलं तर कंबर कमानीसारखी उचलली जाते आणि पाच मिनिटांत ठणकते. बैठकीचा गोल, टणक लोड यासाठी वाईट. छाती फार उंच जाते आणि पाठ घरंगळते. त्यापेक्षा दोन-तीन सोलापुरी चादरींच्या लांबट घड्या एकावर एक ठेवा, दहा-बारा सेंटिमीटर उंची पुरते. डोक्याखाली आणखी एक घडी हवी. कपाळ हनुवटीपेक्षा किंचित वर राहिलं पाहिजे. हनुवटी छताकडे गेली की मान अखडते.

आता गुडघे, जिथे हमखास फसतं. प्रत्येक मांडीच्या बाहेरून, गुडघ्यापासून वरपर्यंत, उशी सरकवा. मग दुसऱ्या कोणीतरी गुडघ्यावर तळहात ठेवून हलकेच दाबून पाहावं. पाय खाली गेला तर उशी नावापुरतीच आहे, अजून एक घाला. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या बाजूचा हात जमिनीवर टाकू नका. कोपरापासून बोटांपर्यंत अख्खा हात उशीवर, खांद्यापेक्षा किंचित पुढे. अंगावर शाल, कारण स्वस्थ पडलं की अंग गार पडतं आणि थंडी वाजली की माणूस सैल होत नाही. दोन मिनिटांनी मनातल्या मनात पायापासून डोक्यापर्यंत फिरून या. एखादी जागा तक्रार करत असेल तर तिथे आधार वाढवा, सोसू नका. पहिल्या आठवड्यात पाच मिनिटं, मग हळूहळू पंधरा.

शवासन आणि योगनिद्रेशी फरक किरकोळ आहे. शवासनात आधार नसला तरी चालतो, योगनिद्रेत सूचना ऐकायच्या असतात. डोळे मिटल्यावर घाबरायला होत असेल तर उघडे ठेवा, काही बिघडत नाही.

गल्लतीची दुसरी बाजू उलटी आहे. रिस्टोरेटिव्ह आवडला की लोक त्यालाच 'आजचा व्यायाम' म्हणून मोजतात. तो व्यायाम नाही. त्याने पायात ताकद येत नाही, तोल सुधारत नाही. उपचारांनंतरचा थकवा नुसत्या आरामाने जात नाही, उलट चालत्या-फिरत्या माणसाचा लवकर कमी होतो. कॅन्सरमधून बाहेर आलेल्यांसाठी 2019 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने दिलेलं माप असं: आठवड्यातून तीनदा अर्धा तास मध्यम गतीचा एरोबिक व्यायाम, म्हणजे भरभर चालण्यासारखा, आणि दोनदा ताकदीचा. यात लोडावर पडणं कुठेच नाही.

"पण संशोधनात योगाने झोप सुधारली ना?" सुधारली. अमेरिकेत रॉचेस्टरच्या संशोधकांनी 2013 मध्ये झोपेची तक्रार असलेल्या 410 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. चार आठवडे, आठवड्यातून दोनदा, 75 मिनिटं. त्या 75 मिनिटांत मात्र सौम्य हठयोगाची आसनं, रिस्टोरेटिव्ह आसनं, श्वसन आणि ध्यान, सगळं होतं. म्हणून त्या अभ्यासाचा हवाला देऊन फक्त एकच अर्धं विकणाऱ्यांचं ऐकू नका.

माझं मत विचाराल तर सकाळी वीस मिनिटं सौम्य योग, रात्री झोपण्याआधी एकच रिस्टोरेटिव्ह आसन. वेळ एकाचाच असेल तर सौम्य. पावलं बधिर असतील तर उभ्याची आसनं भिंत आणि खुर्ची यांच्या मध्ये, मोजे काढून, आणि नंतर तळव्यांना कुठे खरचटलंय का ते बघून. हाडं विरळ असतील तर पाठ गोल करून पुढे वाकणं दोन्ही प्रकारांत बंद. मणका तिथेच दबतो. स्टोमा (शौच किंवा लघवीसाठी पोटावर काढलेली वाट) किंवा कीमोचा पोर्ट (औषध देण्यासाठी कातडीखाली बसवलेली डबी) असेल तर पालथं झोपायचं नाही. अन्ननलिकेचं ऑपरेशन झालेल्यांनी सपाट पडू नये, डोकं आणि छाती उंच, धड उतरतं हवं. कॅन्सर हाडांत गेला असेल तर आधी ऑन्कोलॉजिस्टना विचारल्याशिवाय काहीच नको.

विपरीत करणी, म्हणजे भिंतीवर पाय, सगळीकडे सुचवली जाते. साठीपुढे त्याऐवजी पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवणं मला जास्त पसंत आहे. पायांना विश्रांती तीच मिळते, आणि आसनात शिरताना-निघताना धडपड नाही. आणि कृपा करून अशा तासाला शेवटी कपालभाती जोडू नका. हठप्रदीपिका या हठयोगाच्या जुन्या ग्रंथात ती षट्कर्मांत येते, म्हणजे शुद्धिक्रियांत. पोटाला झटके देणारी क्रिया पोटाच्या ऑपरेशननंतर 'हलकी' कशी ठरते?

उठण्याची घाई नको. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर पंधरा मिनिटं पडून एकदम उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते. कुशीवर वळा, थोडं थांबा, हाताने रेटून बसा, मिनिटभर बसून राहा, मग खुर्ची धरून उभे राहा. काखेतल्या गाठी काढल्यामुळे एक हात सुजत असेल तर दुसऱ्या हाताने रेटा.

क्लास निवडताना शिक्षकांना एवढंच विचारा: एका माणसामागे चादरी किती? चार-पाच चादरी, दोन-तीन उश्या आणि एक खुर्ची मिळत नसेल, तर पाटीवर काहीही लिहिलेलं असो, तो सौम्य योगाचा क्लास आहे. सौम्य योगासाठी खुशाल जा, रिस्टोरेटिव्ह घरी आपल्या चादरींवर करा.