श्रोणितळाच्या नसांची इजा आणि स्त्रियांमधील मूत्रगळती

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची झोळी, म्हणजे श्रोणितळ, ताणलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय तिच्या आधारावर असतात. या झोळीच्या आणि मूत्रमार्ग आवळणाऱ्या स्नायूच्या नसा पाठीच्या कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या त्रिकास्थी या हाडातील २ ते ४ क्रमांकाच्या मज्जातंतूंच्या मुळांतून निघतात. त्यांतली मुख्य प्युडेंडल नस. तिला इजा झाली की मूत्रमार्ग वेळेवर आवळला जात नाही; खोकला, शिंक, हसणे, पाण्याची कळशी उचलणे एवढ्यानेही लघवी निसटते.

ही इजा बहुधा बाळंतपणात होते. प्युडेंडल नस श्रोणीतल्या एका हाडाच्या टोकाला वळसा घालून जाते. तिथे ती जखडलेली असल्याने बाळाचे डोके खाली उतरताना तिला बाजूला सरकता येत नाही, ती ताणली जाते. जोर लावण्याचा काळ लांबला, बाळ ४ किलोहून जड असले किंवा चिमटा लावावा लागला, तर धोका वाढतो. बहुतेकींची नस काही महिन्यांत सावरते. राहिलेली कसर पाळी जाण्याच्या वयात, स्नायू सैल पडल्यावर, उघडी पडते. सिझेरियनने धोका घटतो, संपत नाही. अर्थात सगळा दोष नसेचा नसतो. स्नायू हाडापासून फाटणे हेही एक कारण असू शकते.

‘लेकरं झाली, आता होणारच,’ असे म्हणून घरोघरी हा त्रास झाकला जातो. नागपुरात त्यात उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, आणि बर्डीला किंवा इतवारीत खरेदीला निघालेली बाई वाटेत स्वच्छतागृह मिळेल की नाही या धास्तीने पाणीच पीत नाही. हा उपाय उलटा पडतो. घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला चिडवते, संसर्ग होतो, आणि उष्माघाताची भीती वेगळीच.

उपचाराची सुरुवात व्यायामाने होते. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी तो १९४८ मध्ये मांडला. लघवी रोखताना आवळतो ते स्नायू दिवसातून ३ वेळा, दर वेळी निदान ८ दा आवळायचे, किमान ३ महिने. अनेकजणी श्वास कोंडून पोट खाली ढकलतात. त्याने नुकसानच होते. नस दुखावलेल्या स्त्रीला पुष्कळदा हे स्नायू जाणवतच नाहीत, तेव्हा फिजिओथेरपिस्टची मदत लागते. तेवढ्याने भागले नाही तर मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी बसवण्याची शस्त्रक्रिया असते. नागपुरात मेडिकल, मेयो, डागा या सरकारी रुग्णालयांत आणि मिहानमधील एम्स येथे स्त्रीरोग विभाग आहेत.

अडलेल्या बाळंतपणानंतर लघवी सतत झिरपत राहिली तर फिस्टुलाची, म्हणजे मूत्राशय व योनी यांच्यात पडलेल्या छिद्राची, शक्यता असते. तिथे केगेल उपयोगाचे नाही. मांड्यांच्या मधला भाग अचानक बधिर होऊन लघवी अडली, तर मणक्यातल्या नसा दबलेल्या असू शकतात. अशा वेळी त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.