एकाच रोपाचे इतके बोस्टन फर्न

घोडबंदर रोडच्या किंवा नेरुळ-खारघरच्या नर्सरीत बोस्टन फर्न मागितला की चार निराळी रोपं पुढ्यात येतात. एक लांब झुलत्या पानांचं, एक कुरळं आणि गच्च, एक पोपटी-पिवळं, एखादं पट्टे असलेलं. नाव सगळ्यांचं एकच. यातलं गॅलरीत कोणतं टिकेल, याचं बरंचसं उत्तर त्यांच्या वंशावळीत आहे.

मूळ जंगली नेचा, म्हणजे फर्न, तो नेफ्रोलेपिस एक्झाल्टाटा. फ्लोरिडा, वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेतल्या दमट जागा हे त्याचं घर. त्याची पानं बरीचशी ताठ, सरळ वर जाणारी. १९व्या शतकात इंग्लंडात नेच्यांचं इतकं वेड होतं की लेखक चार्ल्स किंग्जलेंनी १८५५ मध्ये त्याला ‘टेरिडोमेनिया’ असं नाव दिलं. कोळशाच्या धुरात नेचे जगत नसत. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांच्या बंद काचपेटीमुळे ते दिवाणखान्यात जगू लागले. अमेरिकेतल्या घरांतही नेचे हौसेने ठेवले जात.

अशा बाजारात, १८९४ च्या सुमारास, फिलाडेल्फियाहून बोस्टनला गेलेल्या नेच्यांमध्ये एक रोप वेगळं दिसलं. त्याची पानं रुंद होती, कमानीसारखी खाली झुकणारी. तेच पुढे ‘बोस्टनिएन्सिस’ म्हणून विकलं जाऊ लागलं.

खरी रंजक गोष्ट यानंतरची. नेच्याला बी नसतं, बीजाणू नावाचे सूक्ष्म कण असतात. या रोपाचे बीजाणू मात्र जवळजवळ निरुपयोगी. त्याची वाढ होते ती मातीलगत पसरणाऱ्या बारीक धावत्या फांद्यांना फुटणाऱ्या पिल्लांतून, त्यामुळे प्रत्येक पिल्लू आईची हुबेहूब नक्कल असायला हवं. तरीही हजारो पिल्लांत एखादं मध्येच बदलायचं. कुणाची पानं दोनदा विभागलेली, कुणाची तीनदा, कुणी ठेंगणं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ‘पियरसोनी’, ‘व्हिटमनी’, ‘स्कॉटी’ असे प्रकार एकामागून एक आले. ब्रुकलिन बोटॅनिक गार्डनमध्ये राल्फ बेनेडिक्ट यांनी या बदलांचा चिकाटीने अभ्यास केला. हे बदल आडवेतिडवे नाहीत, ठरावीक दिशांनीच होतात, असं त्यांचं म्हणणं होतं. पान अधिकाधिक बारीक चिरलं जाणं ही त्यातली ठळक दिशा. पुढे टिश्यू कल्चरमुळे, म्हणजे रोपाच्या छोट्या तुकड्यापासून नवी रोपं वाढवण्याच्या तंत्रामुळे, ही प्रयोगशाळेत लाखांनी तयार होऊ लागली आणि स्वस्त झाली.

ठाण्या-नवी मुंबईसाठी माझ्या मते हाच धागा महत्त्वाचा. पान जितकं बारीक चिरलेलं आणि झुडूप जितकं गच्च, तितकं पावसाचं पाणी आत अडकतं. ‘फ्लफी रफल्स’सारखं रोप जुलैच्या झडीत उघड्या ग्रिलवर ठेवलं तर आतून सडायला लागतं. त्याला छपराखालचा, वारा खेळता कोपराच हवा. टांगत्या कुंडीसाठी जुना, साधा बोस्टनिएन्सिस मला सगळ्यांत भरवशाचा वाटतो. फक्त पश्चिमेचं दुपारचं ऊन ऑक्टोबरात आणि मार्च-एप्रिलनंतर टाळायला हवं. घरात, एसीच्या कोरड्या हवेत, आटोपशीर ‘डॅलस’ अधिक तग धरतो. पिवळ्या प्रकाराचा रंग अंधाऱ्या कोपऱ्यात हिरवट होतो. त्याला खिडकीजवळचा उजेड द्या, थेट ऊन नको.

घेताना मुळं एकदा पाहा. मुळांशी गोल, पाणीदार गाठी दिसल्या तर ते बहुधा बोस्टन फर्नचं भावंड, नेफ्रोलेपिस कॉर्डिफोलिया. काटक आहे, पण जमिनीत झपाट्याने पसरतं. फ्लोरिडात ते उपद्रवी तण ठरलं आहे. येऊरच्या जंगलाला लागून बाग असेल तर ते कुंडीतच ठेवावं आणि काढलेला पाला जंगलाच्या कडेला कधीही टाकू नये.

हवा शुद्ध होते म्हणून मात्र घेऊ नका. हा दावा ज्या प्रयोगांवर उभा आहे, ते छोट्या बंद पेट्यांतले होते. २०१९ मध्ये अशा जुन्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा घरातल्या नेहमीच्या हवा येण्याजाण्याइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा कुंड्या लागतील असं निघालं.

कुरळ्या प्रकारात मधूनच एखादं साधं, लांब पान डोकं वर काढतं. ते रोप पूर्वजाकडे परतत असतं. असा फुटवा जोमाने वाढून बाकीच्यांना दाबतो, म्हणून दिसताच बुडापासून कापावा.