घटस्फोट आणि पहाटे तीनची जाग

घटस्फोटातून जाणाऱ्या माणसाला दोन सल्ले हमखास मिळतात. ‘मनातलं सगळं वहीत लिहून काढ’ आणि ‘नीट झोप’. पहिला सल्ला सरसकट लागू पडत नाही. ॲरिझोना विद्यापीठातल्या डेव्हिड स्बारा यांच्या गटाने नुकत्याच विभक्त झालेल्या ९० जणांवर तो तपासला आणि २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘असं का झालं?’ याचा अर्थ सतत शोधत राहणाऱ्यांना भावना लिहून काढल्याने उलट जास्त त्रास झाला. त्यांच्यातले जे फक्त दिवसभरातली कामं कोरडेपणाने लिहीत होते, ते जास्त सावरले.

दुसरा सल्ला योग्यच आहे, पण तो पाळायचा कसा? झोप लागते, आणि तीनला खाडकन डोळे उघडतात.

तीनलाच का? जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, त्याने झोपेचा दाब वाढतो. अकराला पाठ टेकली की पहिल्या तीन-चार तासांच्या गाढ झोपेत हा दाब बराच उतरतो. त्याच सुमारास कॉर्टिसॉल हे जागं करणारं संप्रेरक चढायला लागतं आणि उठायच्या वेळी टिपेला पोहोचतं. म्हणजे झोप पातळ होत असतानाच शरीर जागं व्हायच्या तयारीला लागलेलं असतं. एरवी आपण कूस बदलून पुन्हा झोपतो. पोटगी, मुलांचा ताबा, पुढची तारीख डोक्यात असली की त्या क्षणी शरीराला धोक्यासाठी सज्ज करणारी अनुकंपी (सिंपथेटिक) चेतासंस्था पेटते, छाती धडधडते. आठ-पंधरा दिवस असं झालं की घंटा ऐकताच लाळ गाळणाऱ्या पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला जशी घंटा, तसा आपल्याला पलंग: नुसतं आडवं होताच मेंदू सावध. दारूने पहिली झोप लवकर लागते, पण ती उतरताना उत्तररात्र आणखी तुटते.

पलंग आणि जाग यांचा हा सांधा तोडायची पद्धत मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडली. डोळे मिटायला लागल्यावरच पलंगावर जायचं. अंदाजे वीस मिनिटं जाग राहिली तर उठून दुसऱ्या खोलीत, मंद उजेडात बसायचं. घड्याळ आणि मोबाइल बघायचा नाही. पेंग आली की परत. सकाळी उठायची वेळ मात्र रोज एकच, रात्र कशीही गेली तरी. लोक चुकतात ते इथेच: रविवारी नऊपर्यंत लोळतात किंवा दुपारी दोन तास झोपतात, मग रात्रीपुरता दाबच साठत नाही. पहिला आठवडा थकवा वाढतो; ते अपेक्षितच आहे.

उशी दक्षिणेला करा, असं सांगणारे वास्तुतज्ज्ञ भेटतातच. पलंग हलवल्याने फरक पडूही शकतो, पण तो खोलीतल्या जुन्या खुणा मोडल्यामुळे. उत्तरेला डोकं केलं तरी तेवढाच पडेल, फी वाचेल.

संध्याकाळी सातच्या सुमारास पंधरा मिनिटं कागद घ्यावा. डावीकडे काम, उजवीकडे त्याची पहिली पायरी आणि वार. ‘नॉमिनी: पीएफ, विमा, म्युच्युअल फंड, सोमवारी फॉर्म.’ घटस्फोट झाला म्हणून जुनं नाव आपोआप निघेल, असं धरून चालू नये. ‘संयुक्त खातं, लॉकर: बँकेत लेखी अर्ज, बुधवारी.’ ‘वकिलांना विचारणे: सहमतीच्या घटस्फोटाच्या अर्जातली सहा महिन्यांची मुदत माफ होईल का?’ (सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानुसार योग्य प्रकरणात होऊ शकते.) तीनला तोच विचार आला की त्याची नोंद कागदावर आधीच झालेली असते.

एवढं करूनही तीन-चार आठवड्यांत फरक नसेल, तर डॉक्टरांना दाखवावं. जीव नकोसा वाटत असेल तर तेवढंही थांबू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक पहाटे तीनलाही लागतो.