ग्रीक जेवण: टॅव्हर्नातलं आणि घरातलं

ग्रीसला जाऊन आलेला माणूस तीन पदार्थांची नावं हमखास घेतो: मुसाका (वांगी-खिम्याचे भाजलेले थर), ग्रीक सॅलड आणि सुव्लाकी (शिगेवर भाजलेलं मांस). टॅव्हर्नाच्या, म्हणजे तिथल्या खानावळीच्या, मेनूकार्डावर शेजारी एखादा संगमरवरी खांब छापलेला असतो. त्यामुळे हे सगळं सॉक्रेटिसाच्या काळापासून चालत आलंय असं वाटून जातं. प्रत्यक्षात मुसाक्याचं आजचं रूप जेमतेम शंभर वर्षांचं आहे आणि सॅलडाचं त्याहून कमी. सॉक्रेटिसाच्या ताटात ना टोमॅटो होता, ना बटाटा, ना वांगं. सुव्लाकीचं त्यातल्या त्यात बरं आहे. सँटोरिनी बेटावरच्या अक्रोतिरीच्या उत्खननात मांसाच्या शिगा आडव्या टेकवायचे मातीचे आधार सापडलेत, आणि ते इसवी सनापूर्वी सतराव्या शतकाच्या आसपासचे आहेत.

प्राचीन ग्रीक माणसाचं रोजचं खाणं म्हणजे जवाच्या पिठाचा गोळा, मसूर, चणे, ऑलिव्ह, अंजीर, थोडं चीज आणि जमेल तेव्हा मासा. वांगं मध्ययुगात अरबांमार्फत भूमध्य समुद्राभोवती पसरलं. टोमॅटो ग्रीसमध्ये रुळला तो थेट एकोणिसाव्या शतकात. बटाट्याची तर गोष्टच सांगतात. स्वतंत्र ग्रीसचा पहिला राज्यप्रमुख कापोदिस्त्रियास याने बटाटे फुकट वाटायला काढले, तर कोणी हात लावेना. मग त्याने ढिगाभोवती पहारा बसवला आणि पहारेकऱ्यांना काणाडोळा करायला सांगितलं. दोन दिवसांत ढीग चोरीला गेला म्हणतात. अशीच गोष्ट युरोपात आणखी दोन-तीन राज्यकर्त्यांच्या नावावर खपवली जाते, तेव्हा तिच्यावर किती विश्वास ठेवायचा ते ज्याचं त्याने ठरवावं.

मुसाक्याकडे वळायचं तर निकोलाओस त्सेलेमेन्तेसला टाळून चालत नाही. सिफनोस बेटावरच्या घराण्यातला, १८७८ चा जन्म, व्हिएन्नात शिक्षण, मग काही वर्षं अमेरिकेत. १९२० च्या दशकात त्याचं पाककृतींचं जाडजूड पुस्तक आलं आणि घराघरात पोचलं. इतकं, की आजही ग्रीक लोक पाककृतींच्या कुठल्याही पुस्तकाला ‘त्सेलेमेन्तेस’ म्हणतात. गृहस्थाचा आग्रह असा, की ग्रीक स्वयंपाक तुर्कांच्या चारशे वर्षांत बिघडला, तेव्हा मसाले आणि लसूण कमी करा, लोणी आणि बेशामेल हा फ्रेंच पांढरा सॉस वाढवा. वांगी आणि खिम्याचे थर पूर्वेच्या भूमध्य किनाऱ्यावर सगळीकडे होतेच. त्यावर दूध, मैदा, लोण्याच्या पांढऱ्या सॉसची जाड साय चढवली ती याने. म्हणजे ज्या पदार्थाला जग सगळ्यात ग्रीक समजतं, त्याच्या डोक्यावरची टोपी फ्रेंच आहे! घराण्याची अब्रू वाढवायला खोटी वंशावळ लिहून घ्यावी, तसलाच हा उद्योग होता, असं माझं मत.

गंमत म्हणजे तो मसाले हाकलत होता त्याच वर्षांत ते दुसऱ्या दाराने आत आले. १९२२ मध्ये आशिया मायनरमधला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला, ग्रीक सैन्याचा पराभव, स्मिर्नाची (आजच्या इझमिरची) आग आणि १९२३ च्या लोझान करारान्वये लोकसंख्येची अदलाबदल. सुमारे बारा लाख ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन तुर्कस्तानातून ग्रीसमध्ये आले, साडेतीन-चार लाख मुसलमान उलट दिशेने गेले. ग्रीसची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या घरात होती. अथेन्स आणि पिरेअसच्या कडेला निआ स्मिर्नी, निआ इयोनिया अशा वस्त्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या चुलींवर जिरं, दालचिनी, पस्तुर्मा (मसाला लावून सुकवलेलं मांस). जिरं-लसूण घातलेले, टोमॅटोच्या रश्शातले लांबट कबाब आजही ‘स्मिर्नाचे सुत्झुकाक्या’ म्हणूनच ओळखले जातात.

पण या दोन्ही प्रवाहांच्या खाली तिसरा, जुना प्रवाह होता, आणि घरचं ग्रीक जेवण खरं तर त्याच्यावर उभं आहे: उपास. ऑर्थोडॉक्स चर्चचं कॅलेंडर काटेकोर पाळलं तर वर्षातले १८० हून जास्त दिवस उपासाचे भरतात. बहुतेक बुधवार आणि शुक्रवार, नाताळाआधीचे चाळीस दिवस, ईस्टरआधीचे सात आठवडे, ऑगस्टचा पहिला पंधरवडा. आपल्यासारखी धान्यबंदी नाही. मांस, अंडी, दूध, लोणी, चीज मात्र वर्ज्य. मासाही बहुतेक दिवशी नाही, पण २५ मार्चला चालतो, त्या दिवशी लसणाच्या स्कोर्दाल्या चटणीबरोबर तळलेला खारवलेला कॉड मासा खातात. ऑक्टोपस आणि कोळंबी मात्र चालतात, कारण त्यांना रक्त नाही असं धरतात. कडक दिवशी तेलसुद्धा बंद.

अर्धं वर्ष असं काढायचं तर स्वयंपाकीण हुशार व्हावीच लागते. त्यातून ‘लादेरा’ नावाचा एक प्रकार तयार झाला, म्हणजे तेलात शिजवलेल्या भाज्या. फरसबी, भेंडी, मटार, वांगी-बटाट्याचं ब्रियाम, भात भरलेले टोमॅटो. भाजी परतून वाफवायची नाही. कांदा, टोमॅटो, भरपूर ऑलिव्ह तेल आणि अगदी थोडं पाणी घालून मंद आचेवर तासभर ठेवायची. पाणी आटून खाली नुसतं तेल उरलं की भाजी झाली. हिरवा रंग जातो, फरसबी लिबलिबीत होते, आणि तीच तिची चव. खातात ती कोमट किंवा गार, पावाने तेल पुसून. जोडीला मसुराचं सूप, पांढऱ्या घेवड्याची फसोलादा आणि ‘होर्ता’, म्हणजे रानातून खुडून आणलेला पाला, उकडून वर तेल-लिंबू. होर्ताच्या यादीत उन्हाळ्यात ‘व्लिता’ असते, ती आपल्या माठ-तांदुळजाच्याच कुळातली. ‘ग्लिस्त्रिदा’ म्हणजे तर सरळ घोळ. तिथे ती कच्चीच दह्यात नाहीतर काकडी-टोमॅटोत घालतात.

या गरिबीच्या जेवणाला प्रतिष्ठा मिळाली ती परदेशी शास्त्रज्ञांमुळे. त्याआधी युद्ध येऊन गेलं. १९४१-४२ च्या हिवाळ्यात जर्मन-इटालियन ताब्यातल्या अथेन्समध्ये माणसं रस्त्यात भुकेने मेली, आणि मक्याचा ‘बोबोता’ पाव खाल्लेली पिढी पुढे त्याचं नाव काढू देईना. १९४८ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनने क्रीट बेटाची पाहणी केली. ताटात धान्य, कडधान्य, पाला, फळं, ऑलिव्ह तेल, मांस नावापुरतं. लोकांना विचारलं तर ते म्हणाले, हे पुरत नाही, आम्हाला मांस हवंय. दहा वर्षांनी अँसेल कीज या अमेरिकन संशोधकाच्या सात देशांच्या अभ्यासात तेच ताट हृदयविकारापासून वाचवणारं ठरलं. क्रीटच्या लोकांना सुमारे ४० टक्के ऊर्जा चरबीतून मिळत होती, तरी हृदय ठणठणीत. पुढे टीकाकारांनी बोट ठेवलं ते असं, की क्रीटमधली एक पाहणी ईस्टरआधीच्या उपासात झाली होती आणि उपास करणारे-न करणारे वेगळे काढलेच नव्हते. ‘मेडिटेरेनियन डाएट’ २०१० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेला. उपासाची आठवण त्याच्या जाहिरातींत क्वचितच निघते.

पर्यटकाच्या वाट्याला मात्र हे जेवण फारसं आलं नाही. १९५३ मध्ये ड्राख्मा या ग्रीक चलनाचं अवमूल्यन झालं, एका डॉलरला १५ हजारांऐवजी ३० हजार ड्राख्मा मिळू लागले, आणि ग्रीस युरोपातल्या पगारदारांना परवडू लागला. सरकारने ‘झेनिया’ हॉटेलं बांधली, बेटांवर बोटी वाढल्या. चार दिवसांसाठी आलेल्या माणसाला मऊ पडलेली गार फरसबी कोण वाढणार? त्याला खिमा, तळलेले स्क्विड आणि सॅलड. टोमॅटो-काकडी खेड्यात खातच होते. वर फेटा चीजची अख्खी चकती ठेवायची पद्धत अथेन्सच्या प्लाका भागातल्या हॉटेलवाल्यांनी साध्या सॅलडावरचं सरकारी दरनियंत्रण चुकवायला काढली, असं सांगतात. पुढे ते चीज कोर्टात गेलं. डेन्मार्क आणि जर्मनी गाईच्या दुधाचं ‘फेटा’ विकत होते. २००५ मध्ये युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की फेटा ग्रीसचंच: किमान ७० टक्के मेंढीचं दूध, उरलेलं शेळीचं, आणि निदान दोन महिने मुरलेलं.

आपला या लोकांशी संबंध जुना आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या यवनांनी (तेव्हा ग्रीकांना हाच शब्द होता) दिलेल्या खांबांवर त्यांचे लेख आहेत, पश्चिम किनाऱ्यावर भूमध्यसागरी दारू उतरत होती. स्वयंपाकघरात मात्र त्यातलं काही टिकलेलं दिसत नाही. आज घरी ग्रीक करायचं म्हटलं की लोक मुसाक्याला हात घालतात आणि तीन तास ओट्यापाशी उभे राहतात. माझं ऐकाल तर सँटोरिनीच्या ‘फावा’पासून सुरुवात करा. तिथली मूळ डाळ विदर्भातल्या लाखोळीची चुलत बहीण. अक्रोतिरीतही तिचे दाणे मिळालेत. बाकी ग्रीसमध्ये पिवळ्या वाटाण्याची डाळ चालते, आपणही तीच घ्यावी. चिरलेला कांदा घालून उघड्या पातेल्यात शिजवा, फेस काढत राहा, डाळ विरघळली की घोटा. हळद नाही, हिंग नाही. फोडणीकडे जाणारा हात आवरा. थोडी सैलच ठेवा, गार होताना ती घट्ट बसते. वर कच्चा कांदा, लिंबू आणि तेलाची जाड धार. शेजारी चक्क्यात किसून पिळलेली काकडी, लसूण, मीठ, तेल घातलं की झात्झिकी झाली. चक्का नीट टांगलेला हवा, नाहीतर तासाभरात पाणी सुटतं.

तेलाबद्दल एकच. ‘पोमेस’ लिहिलेली स्वस्त बाटली घेऊ नका. ऑलिव्ह पिळून उरलेल्या चोथ्यातून रसायनांनी काढून शुद्ध केलेलं ते तेल, चवीला काहीच नाही. लहान का होईना, एक्स्ट्रा व्हर्जिनची घ्या आणि फावावर, होर्तावर वरून तेल कच्चंच घाला. फरसबीच्या लादेराला मात्र पाव किलोला पाव वाटी तेल लागतंच, आणि त्यात काटकसर केली तर ती साधी उकडलेली फरसबी होते.